पूजेला न काढलेला इम्पेलर

रत्नागिरी, १० ऑगस्ट

मुकुल,

पत्र वांग्यांच्या क्रेटमधून आलं म्हणून नाक मुरडू नकोस. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, मी घरी असले की घरी येत नाहीस, आणि धक्क्यावर समोर आले तर 'मॅडम' म्हणतोस. सख्ख्या बहिणीला मॅडम! माझ्या स्टोअरच्या दारातून तुमच्या बोटीवर नेमाने जाणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे भाजी. तुमच्या स्वयंपाक्याला, रघूला, बजावून ठेवलंय, की आधी पत्र द्यायचं आणि मग विळी हातात घ्यायची.

काल नारळी पौर्णिमा झाली. आईने तुझ्या वाटणीचा नारळीभात झाकून ठेवला होता. आज सकाळी तो मीच खाल्ला, अन्न टाकवत नाही म्हणून. राखी सोबत पाठवते आहे. हाताला बांधायची नसेल तर इंजिनाच्या एखाद्या पाइपाला बांध, काहीतरी आवळलेलं राहील.

आता कामाचं. तुमच्या 'जलमुद्रा'कडून गेल्या आठवड्यात पाण्याच्या पंपाच्या इम्पेलरची मागणी आली. याचा अर्थ मी असा घेते, की दोन्ही इंजिनांत बसवलेले आहेत तेवढेच, हाताशी एकही नाही. माझ्याकडेही नाही. मार्चमध्ये इथला साठा मी पनवेलच्या गोदामात हलवला, कारण तीन वर्षांत रत्नागिरीतून कोणी इम्पेलर मागितलाच नव्हता. जो माल हलत नाही तो अडवून ठेवायचा नाही. पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात दहा वर्षं मी हेच केलं, आणि हेच करायला तुमच्या गस्ती दलाने मला कंत्राटावर इथे आणलं. सगळ्या किनाऱ्याला मिळून एक साठा, मागणी गेली की दोन दिवसांत गाडी धक्क्यावर. तुझी मागणी मी त्याच दिवशी पुढे धाडली आहे. तिकडेही संपलाय, पंधरा-वीस दिवसांत येईल म्हणाले. आला की दोन दिवस.

तीन वर्षांत मागितला का नव्हता, हे तुला माहीत आहे. तुम्ही नोंदीबाहेर साठवलेल्या आपल्या पेटीतले वापरत होतात.

त्या पेटीवरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, तर आज मीही बोलून घेते. गेल्या खंडेनवमीला तूच मला बोटीवर बोलावलंस. इंजिनखोलीत पाटांवर तुम्ही पाने, पकडी, हातोडे मांडले होते, आणि त्यांच्या शेजारी इंजेक्टर, पंप, इम्पेलर, माझ्या संगणकाच्या मते जे अस्तित्वातच नव्हते ते सगळं. हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. तुमच्या इंजिनखोलीचे जुने मिस्त्री, काशीरामकाका, म्हणाले होते, "ताय, पूजेला नाय काढलेली वस्तू येळेला दगा देते. म्हणून सगला बाहेर काढायचा." मी गूळखोबरं खाल्लं, नमस्कार केला, आणि सोमवारी कचेरीत बसून पत्र काढलं, की जादा भाग स्टोअरला जमा करा.

हो, काढलं. का काढलं ते तू एकदा तरी विचारलंस? तुमच्या शेजारी 'जलरेखा' अख्खा पावसाळा एका इंजेक्टरपायी बांधून पडली होती, आणि तोच इंजेक्टर तुमच्या पाटावर फूल डोक्यावर घेऊन बसला होता. तुमची पेटी उघडली म्हणून ती बोट समुद्रात गेली. याबद्दल माफी मागायची असेल तर मला जमणार नाही.

एक मात्र बहीण म्हणून विचारते. पेटीत काही उरलंय का? इम्पेलर रबराचा असतो. दिसायला फुलासारखा नवाकोरा, पण इंजिनखोलीच्या उकाड्यात वर्षानुवर्षं पडला की पाकळ्या कडक होतात आणि ऐन वेळी तुटतात. मग समुद्राचं पाणी ओढायला काही राहत नाही आणि इंजिन तापून बसतं. हे तुला शिकवायला नको. असला तर सांग, मी गुपचूप नवा बदलून देईन.

ताई
(मॅडम नव्हे)


रत्नागिरी, २४ ऑगस्ट

मुकुल,

उत्तर नाही. ठीक आहे. रघू म्हणाला, पत्र वाचलंस आणि खिशात ठेवलंस. फाडलं नाहीस एवढ्यावर मी दोन दिवस खूश होते, यावरून माझी अवस्था ओळख.

इम्पेलर पनवेलला आला. आणि तिथेच बसला आहे. चतुर्थी तीन दिवसांवर, म्हणून महामार्गावर जड गाड्यांना बंदी. गोदाम चालवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, "मॅडम, माल रेडी आहे, पण गाडी सोडत नाहीत." दोन दिवसांचा करार मी स्वतः बसून लिहिला. पावसाचा विचार केला, दरडीचा केला, संपाचाही केला. गणपती विसरले! रत्नागिरीत जन्मून, दरवर्षी मखर लावून, मी गणपती विसरले. आईला सांगितलं तर ती मोदकाची पारी करता करता म्हणाली, "अगो, गणपतीत हमरस्त्यावर ट्रक सोडतात होय कधी? शेंबडं पोर सांगेल." पुण्याच्या पगाराचं काय ते कौतुक, असंही म्हणाली.

मग म्हटलं, वस्तू तळहातावर मावणारी, येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याच्या पिशवीतून आणवू. अख्खी मुंबई इकडे लोटते आहे. तर गोदामवाला देत नाही. "माल आमच्याच गाडीने जाईल असं तुमच्याच करारात आहे." आहे. तेही मीच लिहिलं, वाटेत माल हरवू नये म्हणून. आता त्यांची छोटी गाडी काढायची खटपट चालू आहे.

तोवर लांब जाऊ नका. गस्त किनाऱ्यालगत ठेवा. हे मी स्टेशनच्या साहेबांनाही तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "पडद्यावर तर तुमचं सगळं हिरवं दिसतंय." वाटेतला माल संगणक हाती असल्यासारखा धरतो. दुकानात ते चालतं. गिऱ्हाइकाची गाडी वर्कशॉपमध्ये उभी असते, त्याला चहा पाजायचा आणि उद्या या म्हणायचं. साहेबांना हे समजावताना मला माझंच ऐकून घाम फुटला.

आरतीला येशील? मी त्या वेळी स्टोअरमध्ये थांबेन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. आई वाट बघते आहे. मीही बघते आहे, पण ते सोड.

ताई


३० ऑगस्ट, दुपार

मुकुल,

हे पत्र कुठल्या क्रेटमधून पाठवणार आहे ते मला माहीत नाही. वायरलेसच्या खोलीत मला बाकावर बसू दिलंय. नुसतं बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

सकाळी धक्क्यावर तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मात्र डोळे भरून बघून घेतलं. गौरीला मासळीला भाव येतो म्हणून पूर्णगडची बोट बाहेर गेली, मशीन बंद पडलं, आठ माणसं वाऱ्यावर. 'जलरेखा' मुंबईला गेलेली. राहिलात तुम्ही. आणि पूर्णगड म्हटल्यावर काशीरामकाकांच्या गावची माणसं.

साहेबांनी विचारलं, "सामानाचं ठीक?" मी सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, पडद्यावरचं हिरवं खरं नाही. इम्पेलर माणगावच्या पुढे गाडीत आहे. बोटीवर जादा एकही नाही." तू ऐकलंस ना? ऐकलं असशील. साहेब काकांकडे वळले. "काशीराम, हाताशी काही आहे?"

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. साहेबांकडे नाही. माझ्याकडे. मग म्हणाले, "नाय साहेब. काय नाय."

साहेब म्हणाले, "आठ माणसं आहेत." आणि तुम्ही दोर सोडलेत. कोण अडवणार होतं? मी अडवलं असतं तर तू पहिला ओरडला असतास.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. मी तिथे उभी नसते तर काकांनी निराळं उत्तर दिलं असतं का? ते खरं बोलले की माझ्या भीतीने खोटं? मुकुल, देवाजवळ मी आयुष्यात पुष्कळ मागितलं आहे. समोरचा माणूस खोटं बोललेला असू दे, असं आज पहिल्यांदा मागते आहे.

मासेमारी बोट सापडली. आठही जण सुखरूप, त्यांची बोट दोराने ओढून आणताय. इथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डावं इंजिन तापतंय म्हणून सांगितलंत. आवाज तुझा नव्हता.

डावं बंद. पुरात वाहून आलेलं प्लास्टिक ओढलं गेलं असेल, पाकळ्या गेल्या असतील. एकट्या उजव्यावर आता दोन बोटींचा भार आहे. वारा पश्चिमेचा, किनाऱ्याकडे ढकलणारा. बाहेर खिडकीची काच थरथरते आहे. नकाशावर तुमच्या आणि खडकांच्या मधे हाताचं बोट टेकवून साहेब उभे आहेत. हात उचलत नाहीत.

आईचा फोन आला. विचारलं, "मुकुल कुठाय?" मी म्हटलं, कामावर. तिने टीव्हीचा आवाज बारीक केलेला ऐकू आला.

पनवेलची गाडी आली. आत्ता. ड्रायव्हरने सही मागितली, मी केली. इम्पेलर माझ्या मांडीवर आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, नवा, मऊ, वर बारीक पांढरी पावडर. मी तो हातात धरून बसले आहे, आणि तुम्ही तिकडे आहात. याला मी दोन दिवसांची हमी म्हणत होते.

उजवंही तापतंय. भार सोसत नाही. साहेबांनी दोर कापायचा का विचारलं. तुमच्याकडून उत्तर आलं, "नाही." हा आवाज तुझा होता. गाढवा.

उजवं बंद केलं.

बराच वेळ काही नाही. वायरलेसवाला तुमच्या बोटीचं नाव पुन्हा पुन्हा घेतोय. तुमच्याकडून खरखर सुद्धा येत नाही. मी इम्पेलरच्या पाकळ्या वाकवून बघते आहे, सोडल्या की उभ्या राहतात. रडायला येत नाहीये, नुसता राग येतोय. तुझा, माझा, त्या पनवेलवाल्याचा. काकांचासुद्धा, की खरं बोलायला त्यांना आजचाच दिवस सापडला.

आवाज आला. डावं सुरू झालं!

डावं सुरू झालं म्हणतात. कशाने होणार? पाकळ्या तुटलेलं इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. म्हणजे पेटीत एक होता. म्हणजे काका खोटं बोलले. मुकुल, काका खोटं बोलले! साहेब माझ्याकडे बघतायत, मी हसते आहे म्हणून.


रत्नागिरी, ३ सप्टेंबर

मुकुल,

तुम्ही आलात तेव्हा धक्क्यावर मी मागे, डिझेलच्या पिंपांजवळ उभी होते. पूर्णगडची माणसं काकांच्या पाया पडत होती. काकांचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. वाफेने भाजला असं नंतर कळलं. तुझ्या मनगटावर राखी नव्हती, तेही बघितलं.

काल गौरी गेल्या. तुझ्यासाठी घावन राखून ठेवलेले होते. तू नाही आलास, पण रिकाम्या क्रेटमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती वस्तू आली. आधी वाटलं, सडकी भाजी परत पाठवलीस.

निम्म्या पाकळ्या गळलेल्या. उरलेल्यांना चिरा. पोटावर छापलेलं साल वाचलं आणि पुसून पुन्हा वाचलं. माझ्या पुण्याच्या नोकरीहून जुना इम्पेलर तो. अजून थोडा वेळ लागला असता तर धक्क्याऐवजी खडक लागला असता. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं तेच झालं, आणि मी बरोबर निघाले याचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

सोबतची तुझी चिठ्ठी मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. वर्षभरात तू मला लिहिलेलं एवढंच. "गेल्या वर्षी तू येणार म्हणून काकांनी एक मागे ठेवला होता. पूजा झाली नव्हती त्याची. मी तेव्हा भांडलो होतो त्यांच्याशी. म्हटलं, माझी बहीण आहे ती."

म्हणजे तू माझ्यासाठी भांडलास, आणि सोमवारी माझं पत्र आलं. त्या दिवशी काकांनी तुला काय म्हटलं? काही म्हटलं नसणार. ते असे नाहीत. तेच तुला जास्त लागलं असेल.

पूजेला न काढलेली वस्तू दगा देते म्हणणाऱ्या माणसाने एक वस्तू पूजेबाहेर ठेवली. चाळीस वर्षांचा नेम मोडला, तो माझ्यापायी. देवापासून नाही रे लपवली त्यांनी. माझ्यापासून लपवली, आणि मी देवाशेजारीच बसले होते.

मला तुझा राग कळला, मुकुल. इंजेक्टरबद्दल मी अजूनही चुकले असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी प्रसाद हातात घेऊन मी पाटावरची मोजदाद करत होते, ते वाईट होतं. मला त्याची लाज वाटते.

ताई


रत्नागिरी, १७ सप्टेंबर

मुकुल,

चौकशीला मुंबईहून साहेब आले ते तुला माहीत आहे. तुम्ही सगळ्यांनी एकच सांगितलंत, की जुनाच इम्पेलर साफ करून परत बसवला. मी तोंडावरची रेषा हलू दिली नाही.

पण त्याचा परिणाम ऐक. संगणकात काय पडलं? 'जलमुद्रा', इम्पेलर, वापर शून्य. कंपनीचा माणूस बैठकीत म्हणाला, "बघा, आणीबाणीतसुद्धा नवा लागला नाही. रत्नागिरीला ठेवायची गरज नाही." आणि आकड्यांपुढे त्याचं बरोबर होतं. तुम्ही लपवता म्हणून मागणी दिसत नाही, मागणी दिसत नाही म्हणून मी कमी करते, मी कमी करते म्हणून तुम्ही लपवता. ह्या रहाटाला तेल घालणारी मीच होते. पुढच्या वेळी पेटीत जुनासुद्धा नसणार.

तुटलेला इम्पेलर माझ्या कपाटात होता. तो टेबलावर ठेवला की वापर सिद्ध होतो. पण कुठून आला म्हणतील. काका डिसेंबरला निवृत्त होतायत. सरकारी सामान दडवलं म्हणून त्यांची जायच्या वेळी चौकशी लागली असती. न ठेवावा तर पुढच्या वादळात तू पुन्हा रिकाम्या हाताने जाणार. रात्रभर विचार करायला मला वेळ नव्हता, जेवणाची सुट्टी होती तेवढीच. डबाही उघडला नाही.

सुट्टीनंतर मी तो नेऊन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हा माझ्या स्टोअरमधून गेला होता. जुना पडलेला होता, मीच दिला. नोंद करायची राहिली, म्हणून बोटीवरच्यांनी मला सांभाळून घेतलं."

मुंबईचे साहेब म्हणाले, "धक्क्यावर तर तुम्ही म्हणालात बोटीवर एकही नाही?" मी म्हटलं, "घाबरले होते. विसरले." मी, विसरले! आईने ऐकलं असतं तर देव पाण्यात ठेवले असते. आपल्या साहेबांनी मान वर केली नाही, पेनाचं टोपण उघडमीट करत राहिले. दाराशी काका उभे होते, हाताला पट्टी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, धक्क्यावर पाहिलं होतं तसंच, पण ह्या वेळी मान त्यांनी खाली घातली.

वापर एक, अशी नोंद झाली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि दिवाळीला कंत्राट संपेल ते पुढे वाढणार नाही. ओरडू नकोस. पुण्याचे लोक मला अजून विचारतात.

मग निघायच्या आधी मी आणखी एक मागणं मागितलं. प्रत्येक बोटीवर एक पेटी, स्टोअरने भरलेली. त्यात गेलेला माल त्याच दिवशी वापरला असं धरायचं, मग तो पेटीत असो की इंजिनात. कोणी मोजायला जायचं नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, "म्हणजे दडवण्याला परवानगीच झाली." मी म्हटलं, "आमच्याकडे पावसाळ्याआधी घरोघरी बेगमी करतात. सोलं, पापड, सुकी मासळी, वाळलेली लाकडं. त्याला दडवणं म्हणत नाहीत." तो सोलापूरचा, त्याला बेगमी कळायला वेळ लागला. आपल्या साहेबांना लगेच कळली. खेडचे ना ते.

होईल की नाही, आठवड्यात कळेल.

ताई


रत्नागिरी, २९ सप्टेंबर

मुकुल,

पेट्या मंजूर झाल्या. तुमची आज भाजीच्या क्रेटच्या मागून येईल, ओझं आहे, रघूला हात लावायला सांग. इम्पेलर, इंजेक्टर, पट्टे, सील, जे काकांच्या जुन्या पेटीत होतं तेच, फक्त ताजं. पनवेलचा साठाही राहील. 'जलरेखा'सारखी कुठली बोट अडली तर तिकडून येईल, आणि गणपतीच्या महिन्यात आधीच उचलून इथे ठेवायचा, हे करारात घातलं. एवढं तरी मी शिकले.

एक नेम मात्र मला घालायचा आहे, आणि तो कागदावर कुठे नाही. परवा खंडेनवमी. दरवर्षी तुम्ही सगळं बाहेर काढता, पुसता, मांडता. त्याच दिवशी रबराच्या वस्तूंचं साल बघा. जुनं झालेलं असेल ते दुसऱ्या दिवशी रिकाम्या क्रेटमधून परत पाठवा. चिठ्ठी नको, नाव नको, कुठून आलं ते नको. जितकं येईल तितकं नवं, पुढच्या भाजीबरोबर परत जाईल. माझ्या जागी येणाऱ्या बाईंना मी समजावलं आहे. चिपळूणच्या आहेत, शहाण्या आहेत. गणपती विसरायच्या नाहीत.

काल काका स्टोअरच्या दाराशी आले होते. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "ताय, ह्या वरशी पूजेला या हां. पोरग्याला बरा वाटंल." तूच पाठवलंस त्यांना, की ते आपणहून आले, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला तिथेच रडू आलं असतं. आणि रघू म्हणाला, पंपाच्या पाइपाला कोणीतरी एक राखी बांधली आहे, तेलाने काळीठिक्कर झाली आहे, पण कोणी सोडत नाही. मूर्खा.

मला यायचं आहे रे. गेलं वर्षभर मला दुसरं काही नको होतं. पाटाशेजारी बसून तुझ्या हातचं गूळखोबरं खायचं होतं.

पण मी येणार नाही. दिवाळीपर्यंत मी स्टोअरची मॅडम आहे, आणि मी बसलेली असले की काकांचा हात पेटीत घुटमळणार. एखादी वस्तू आत राहील. गेल्या वर्षी राहिली तशीच. तुम्ही पूजा कराल तेव्हा मी घरी आईजवळ असेन, धक्क्याकडे फिरकणारसुद्धा नाही. काकांना सांग, ताई येत नाही.

आणि सगळं बाहेर काढा.

ताई